आभाळाकडं बघणाऱ्या मावशी

शिराळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या मावशी माझ्याशी बोलतात, पण बघतात आभाळाकडं. घार दिसली की बोलणं अर्धवट सोडून हातातली परात बडवतात, "हाऽऽड! जा तिकडं!" कोंबडी पिलांना पंखाखाली घेईपर्यंत परात थांबत नाही. मग मला म्हणतात, "व्हय गं, काय सांगत हुतीस?"

परवा माझी तान्ही मुलगी अंगणात कोवळ्या उन्हाला निजली होती. घारीची सावली अंगणातून सरकली, तशा मावशी पिलांना सोडून धावत आमच्याकडं आल्या आणि पदर पसरून तिच्यावर वाकल्या. मागं कोंबडी जिवाच्या आकांतानं ओरडली. घारीनं एक पिलू उचललं होतं.

"आवं मावशी, घार माणसाचं पोर नेती व्हय?"

"न्हाई नेत. ठावं हाय मला," आभाळाकडं बघतच त्या म्हणाल्या. पदर मात्र अजून तसाच धरलेला होता.