दोन भोंग्यांमधली शांतता

स्मरणदिनाची रीत सोपी होती. सकाळी जुन्या कारखान्याच्या आवारात लोक जमत, भाषणे होत, मग भोंगा वाजे. तो थांबला की सारे माना खाली घालून उभे राहत आणि दुसरा भोंगा झाला की माना वर होत. मधल्या शांततेत, याच आवारात एका दिवसात मारल्या गेलेल्या माणसांची आठवण काढायची. ही रीत बसवणाऱ्या समितीत प्राध्यापक होते, वकील होते, एक शिल्पकारही होता. खुर्च्यांची तोंडे कोणत्या दिशेला असावीत यावर त्यांनी बैठकांमागून बैठका घेतल्या होत्या. ती माणसे त्या दिवशी आवारात आलीच कशी, हा प्रश्न मात्र एवढ्या विद्वानांपैकी एकालाही पडला नाही. आणि ज्यांना उत्तर ठाऊक होते ते तोंडात मिठाची गुळणी धरून पुढच्या रांगेत बसत.

उत्तर भोंगेवाल्याला ठाऊक होते. कारखाना बंद पडल्यावर नगरपालिकेने भोंगा तेवढा ठेवला आणि भोंग्याबरोबर त्यालाही ठेवून घेतले. त्याच्या आधी ही नोकरी त्याच्या वडिलांची. तो लहान असताना एका सुट्टीच्या दिवशी लांबलचक भोंगा वाजला होता. लांब भोंगा म्हणजे संकट. तो ऐकला की कारखान्याच्या भक्कम भिंतींआड यायचे, हे पोराटोरांनाही माहीत होते. पलीकडच्या आळीतली माणसे म्हणूनच मुलाबाळांना घेऊन धावत आली. अलीकडच्या आळीला घरातून हलू नका, अशी ताकीद आदल्या दिवशीच मिळालेली होती.

"आज तर कारखाना बंद आहे, मग अण्णा भोंगा कशाला वाजवतायत?" एवढेच त्याने विचारले, आणि आईने त्याच्या थोबाडीत दिली. पुढे वडील गेले, आई गेली. त्या थपडेपलीकडे त्या दोघांकडून या विषयाचा उच्चार झाला नाही.

यंदा त्याची झोप उडाली ती एका बाईंमुळे. हत्याकांडांचा अभ्यास करणाऱ्या या बाई हातात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन दारोदार फिरत होत्या. एकदा त्या थेट भोंग्याच्या खोलीत आल्या.

"तुमचे वडील त्या दिवशी कुठे होते हो?"

"अंथरुणाला खिळलेले. ताप होता," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

बाईंनी मान डोलावली. पण जाताना त्यांची नजर भोंग्याच्या खटक्यावर रेंगाळली, असे त्याला वाटले आणि त्याची पाचावर धारण बसली.

घरी त्याने हे बायकोला सांगितले, तर तिने त्यालाच फैलावर घेतले. "चोराच्या मनात चांदणं! कुणी तुमच्या कपाळावर लिहिलंय का? अवघी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. मुकाट खटका ओढा आणि घरी या."

बाईंनी आणखी एक पराक्रम केला होता. पलीकडच्या आळीतून वाचलेली आणि आता त्याच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी शिंपीण यंदा व्यासपीठावर बसायला तयार झाली होती. एरवी स्मरणदिन आला की ती भाचीकडे निघून जाई. तिला मेल्या माणसांची कदर नाही, असे समितीतले एक विद्वान चारचौघांत म्हणालेही होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

स्मरणदिनाच्या आदल्या दुपारी तो नवी विजार घेऊन तिच्याकडे गेला.

"कंबर वाढवायची? दरवर्षी कापड आटतं वाटतं तुझं," ती चष्म्यावरून बघत म्हणाली.

"कापड आटतं आणि पोट सुटतं, मावशी." तो हसला. मग न राहवून त्याने विचारले, "उद्या तुम्ही वर बसणार म्हणे?"

"बाई ऐकेनात. नाही तर भाचीकडे गेलेच असते. तिथे भोंगा नाही." शिवणयंत्राचे चाक तिने हाताने थांबवले. "त्या दिवशी इस्त्रीतले निखारे विझवायचे म्हणून मी मागे राहिले. पोराला घेऊन हे पुढे गेले. मी पोचले तर फाटक लागलेलं."

भोंगेवाल्याने विचारले, "हे बाईंना सांगितलंत?"

"भोंग्याचं? नाही रे बाबा." ती विजारीच्या शिवणीकडेच बघत होती. "सांगितलं की वाजवला कुणी ते विचारतील. त्याची माणसं इथंच राहतात. मला एकटीला या गल्लीत दिवस काढायचेत. भीती वाटते." आणि पडलेल्या आवाजात तिने जोडले, "तू कुणाला बोलू नकोस हं. मी काही सांगितलेलं नाही."

तो घराकडे निघाला. इतकी वर्षे तो हिच्या जिभेला भीत आला होता. ती मात्र त्यालाच भीत होती. त्याच्या विजारी शिवत होती, त्याच्याशी थट्टा करत होती, आणि भीत होती.

सकाळी त्याने नेहमीप्रमाणे कानांत कापसाचे बोळे घातले. खिडकीतून व्यासपीठ समोरच दिसत होते. अध्यक्षांनी भाषण आवरले, हात वर केला. शिंपिणीने डोळे मिटून दोन्ही तळहात कानांवर दाबून धरले आणि ती खुर्चीत एवढीशी झाली.

त्याचा हात खटक्यावर होता. तो त्याने काढून घेतला.

भोंगा वाजला नाही. लोक चुळबुळले, एकमेकांकडे बघू लागले. मग कोणीतरी मान खाली घातली आणि पाहता पाहता सारे आवार माना खाली घालून उभे राहिले. आता अडचण अशी झाली की शांतता संपवणारा भोंगाही वाजेना. पहिली मान कोणी वर करायची, हे नियमावलीत नव्हते. समितीने सर्व बाबींचा विचार केला होता, एवढी राहिली. शांतता लांबत गेली, जड होत गेली, आणि पुढच्या रांगेतल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थाने चोरून भोंग्याच्या खिडकीकडे पाहिले. ती नजर भोंगेवाल्याने ओळखली. ती ताकीद देणारी नजर होती.

समितीचे चिटणीस धापा टाकत वर आले. त्यांचे ओठ हलत होते. त्याने कानांतले बोळे काढले.

"बिघडला का? बिघडला असेल तर तसं सांग ना! मी जाहीर करतो!"

सुटकेचा रस्ता चिटणिसांनी आपण होऊन दाखवला होता. नोकरी, घर, गल्ली, बायकोचे उरलेले आयुष्य, सगळे त्या एका 'हो'वर सुखरूप राहणार होते. खाली शिंपिणीने हात किंचित सैल केले होते आणि न आलेल्या आवाजाची वाट पाहत ती खिडकीकडेच बघत होती.

"भोंगा धडधाकट आहे," तो म्हणाला. दात एकमेकांवर आपटत असल्याने त्याला ते पुन्हा म्हणावे लागले. "बाईंना वर पाठवा. त्यांचं ते यंत्र घेऊन. माझ्या वडिलांना त्या दिवशी ताप नव्हता."