संधिवाताची गोळी आणि अण्णांचं आतडं

गोळ्यांचं पिवळं पाकीट दिसलं, की परंडा गावातल्या आमच्या घरची ती सकाळ आठवते. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या आतड्याला सूज होती. शौचातून रक्त पडायचं. डॉक्टरांनी दिवसाला चार, अशा साठ गोळ्या दिल्या होत्या. दहा दिवसांनी मी मोजायला बसलो. साठातल्या वीस उरायला हव्या होत्या, पण पाकीट रिकामं होतं आणि अण्णा कण्हत होते. "गोळ्या कुठं गेल्या?" मी विचारलं. "शेजारच्या मामीला दिल्या. मेडिकलवाला म्हणला, संधिवाताची गोळी हाय. माझे गुडघे धडधाकट हायत." मी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ऐकून ते ओरडले, "आजोबा, तीच गोळी आतड्याची सूजही उतरवते!" अण्णांनी शांतपणे विचारलं, "मग कुठं जायचं, हे गोळीला कोण सांगतं?" नव्या गोळ्या मी समोर बसून दिल्या, हळूहळू रक्त थांबलं. आजही गोळी गिळताना अण्णा छातीपासून पोटापर्यंत बोट फिरवून तिला रस्ता दाखवतात.