दौलतची शेवटची चढाई

दौलत खेडेकर रास अल खैमाच्या सिमेंट फॅक्टरीत लागला वेल्डर म्हणून, पण त्याला आणलं होतं कबड्डीसाठी. साल अठ्ठ्याण्णव. त्याआधी बरीच वर्षं तो शारजातल्या एका कंपनीच्या संघाचा कप्तान होता. चढाईला कोण जाणार, कोपऱ्यात कोण उभं राहणार, सगळं त्याच्याच शब्दावर चालायचं. चाळिशी आली, गुडघा सुजू लागला, आणि त्या संघाने त्याला अलगद बाजूला केलं. इथला सुपरवायझर रामेश्वर मात्र म्हणाला, "दौलतभाऊ, तुमचं डोकं अजून चालतं. आम्हाला तेवढं बस्स."

डोकं चालत होतं, पण नव्या संघातल्यांना ते नको होतं. ते आपल्या मनाने चढाईला जात, बाद होऊन येत, आणि दौलत ओरडला की एकमेकांकडे बघून हसत.

अशात शुक्रवारी सामना लागला तो नेमका जुन्या संघाशी. शेवटच्या मिनिटाला बरोबरी झाली. "यल्ला, चला दौलतभाऊ, आता तुम्हीच," रामेश्वर ओरडला.

दौलत गेला. एका गड्याला पायाने शिवला, आणि वळताना गुडघ्याने दगा दिला. तो आडवा झाला तोच जुन्या संघातल्या महादूने त्याचा घोटा धरला. महादूला पकड शिकवली होती ती दौलतनेच. त्या पकडीतून सुटलेला माणूस त्याने पाहिला नव्हता. दम संपत आला. आणि घोट्यावरची बोटं सैल पडली. दौलतने हात लांबवून रेषा गाठली.

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. खाली उतरल्यावर तो लंगडत महादूपाशी गेला.

"हात का सोडलास?"

"घामाने सरकला, दादा."

"खोटं बोलू नको."

महादूने मान खाली घातली. "तुम्ही असे पडलेले बघवेना."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं दौलतला वाटलं, आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. काहीच न करता तो निघून आला.

संध्याकाळी त्याने गावी बायकोला फोन लावला.

"जिंकलात?" गिरिजाने विचारलं.

"जिंकलो."

"मग आवाज असा का?"

"लाइन खराब आहे."

रामेश्वर त्याला अल ऐनच्या स्पर्धेसाठी कप्तान करायला निघाला होता. "खलास," दौलत म्हणाला. "आता फक्त वेल्डिंग."

त्यानंतर शुक्रवारी तो खोलीवरच पडून राही. मैदानावरचा गलका खिडकीतून आत येई. कोण बाद झालं, ते त्याला आवाजावरूनच कळायचं. मग तो भिंतीकडे कूस वळवायचा.