गेळ्याने चिंबोरी मरत नाही

खून, दरोडे, दंगली यांतलं बरंचसं आता धूसर झालंय. कोण कुठे पकडला हे सांगताना मी हल्ली अडखळतो. पण ओढ्याच्या काठावर मेलेल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पाहिले तो दिवस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या प्रकरणात माणूस मेला नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही आलं नाही. तरीही साऱ्या नोकरीत मी स्वतःला सर्वांत जास्त दोष दिला तो याच केसमध्ये.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भिवंडी तालुक्याच्या ग्रामीण भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. शहरात नारपोलीकडे कापडाचे लूम चोवीस तास खडखडत असायचे. आमच्या हद्दीत मात्र शेती, नव्याने उठणारी गोदामं आणि डोंगराच्या कडेला आदिवासी पाडे. ठाण्याचं कामही तसंच: बांधावरून मारामाऱ्या, चोरीला गेलेले पाण्याचे पंप, अंबाडीच्या नाक्यावर गाड्यांची तपासणी.

एप्रिलमध्ये एके सकाळी दिघाशीच्या बाजूचा एक शेतकरी दहाबारा माणसं घेऊन ठाण्यात आला. त्यांनी मधे धरून आणलेला इसम पाड्यावरचा होता. चाळिशीचा, अंगाने काटक, ओठ फुटलेला. वाटेत त्याला मिळायचा तो प्रसाद मिळाला होता, हे उघड दिसत होतं.

"साहेब, माजं दोन बैल नि गाय गेली," शेतकरी म्हणाला. "यानं वड्यात गेळा टाकला, मासं धरायला. त्याच पान्यावर माजी गुरा गेली. आता शेत कशानं नांगरू मी?"

गेळा म्हणजे एक काटेरी झाड. त्याची फळं ठेचून साचलेल्या पाण्यात टाकली की मासे गुंगतात आणि वर येतात. पाड्यावरचे लोक उन्हाळ्यात अशीच मासेमारी करतात. या इसमाच्या झोपडीत वाळलेल्या गेळफळांची पिशवी सापडली होती आणि गावकऱ्यांनी ती सोबतच आणली होती. फिर्यादी हजर, संशयित हजर, मुद्देमाल हजर. इतकं सगळं आयतं समोर आलं की पोलिसाने थबकावं. मी थबकलो नाही. गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि त्याला अटक दाखवली. कलमं जामीन मिळण्यासारखी होती, पण त्याला जामीन राहणार कोण? पाड्यावर कुणाच्या नावावर सातबारा नव्हता.

दुपारी त्याला माझ्यासमोर बसवलं. आमचे हवालदार जुन्या वळणाचे. "साहेब, दोन दिल्या की बोलेल," असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. मी त्यांना चहा सांगायला पाठवलं. बोलायला लावण्यासाठी मारापेक्षा चहा बराच सरस उपाय आहे, हे मी अनुभवाने शिकलो होतो.

"गेळा टाकलास?" मी विचारलं.

"टाकतो की साहेब. दरसाल टाकतो. पन औंदा अजून टाकलाच न्हाय. डव्हात पानी लई हाय."

"मग गुरं कशाने मेली?"

"ठावं न्हाय." तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "गेळ्याचं पानी गुरा पितात साहेब, त्यांना काय व्हत न्हाय. ते मासं तर आमी सोता खातो. नि चिंबोरी मेल्यात, त्या तुमी बघितल्या का?"

"चिंबोऱ्यांचं काय?"

"गेळ्यानं चिंबोरी मरत न्हाय. मासं गुंगतात, चिंबोरी चालत जाते. हितं चिंबोरी मेली."

हे त्याने सुटकेसाठी सांगितलं नव्हतं. सुताराने लाकडाबद्दल बोलावं तसं तो आपल्या कामाबद्दल बोलत होता. खोटं बोलणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत बघत बोलतो. याचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

उन्हं उतरायच्या आत मी ओढ्यावर गेलो. काठावर चिंबोऱ्या उलट्या पडल्या होत्या. एक-दोन नव्हे, पावलागणिक. पाण्याला रंग नव्हता, पण दगडांच्या खाचांत जांभळट थर धरला होता. प्रवाहाच्या उलट दिशेने चालत गेलो. जिथे रस्ता ओढा ओलांडतो तिथे मोरीच्या कडेला जड गाडीच्या टायरचे ठसे होते, नवे आणि जुने, एकावर एक. पंच बोलावून पंचनामा केला, पाण्याचे नमुने सीलबंद केले. प्रयोगशाळेचा अहवाल कधी येईल हे देवालाच ठाऊक. तोवर हा माणूस आत राहणार होता. जमाव माझ्या ठाण्याबाहेर बसून होता आणि पाड्याला ओढ्यावर पाऊल टाकू द्यायचं नाही, असं गावाने जाहीरही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने त्याला न्यायालयीन कोठडी दिली. मी पाड्यावर त्याच्या बायकोचा जबाब घ्यायला गेलो. बारा-पंधरा झोपड्या. तीन बायका तिच्या मागे उभ्या राहिल्या.

"या रस्त्याने कुठल्या मोठ्या गाड्या येतात?" मी विचारलं.

"कुठल्याच न्हाय. आमचा पान्याचा टँकर तेवढा."

"रोज येतो?"

तिने मागच्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिवसाआड."

तो टँकर मला चांगलाच माहीत होता. शहरातल्या एका डाइंगच्या मालकाने, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखानदाराने, पाड्यांना उन्हाळ्यात मोफत पाणी देण्याचा उपक्रम सुरू केला होता. सामाजिक जबाबदारी हा शब्द तेव्हा उद्योगवाल्यांच्या तोंडी नवा नवा रुळत होता. उद्घाटनाला मी पाहुणा होतो. नारळ मीच फोडला, शाल घेतली, 'उद्योगाने समाजाचं ऋण फेडलं पाहिजे' वगैरे दहा मिनिटं बोललो. माझ्याकडे अशा शाली इतक्या जमल्या होत्या की बायको म्हणायची, निवृत्तीनंतर दुकान काढा. शाल घेतली ती घेतली. पण त्याच दिवशी मी नाक्यावरच्या शिपायांना सांगितलं होतं की पाण्याचा हा टँकर तपासणीला थांबवू नका, बायका उन्हात ताटकळतात. हेतू चांगला होता. हुकूम मूर्खाचा होता.

पाड्यावरून निघालो तो थेट अंबाडीला. नाक्यावरच्या शिपायाला विचारलं, "तो पाण्याचा टँकर किती वेळा जातो?"

"रोज सकाळी, सर."

"रोज?"

"रोज. फलक लावलेला असतो ना."

"गाडीचा नंबर?"

तो खाली बघू लागला. "सर, फलक बघून सोडतो. तुमचीच ऑर्डर आहे."

त्याला काय बोलणार? फलक वाचला की पुढचं वाचायचं आपण सोडून देतो. मीही तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाड्याच्या पाण्याची पाळी नव्हती. मी सकाळपासून नाक्यावर खुर्ची टाकून बसलो. साडेआठच्या सुमाराला टँकर आला. पुढे कापडी फलक: 'पिण्याचे पाणी, एक सामाजिक उपक्रम.' मी हात केला. चालक उत्तरेकडचा, तिशीचा, आदबशीर.

"क्या है इसमें?"

"पानी है साब. गाँव का पानी."

"अच्छा है. हमारी चौकी का माठ खाली है. भर दो."

शिपायाने माठ आणून वॉल्व्हखाली ठेवला. चालक खाली उतरला, वॉल्व्हपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. मी घाई केली नाही. सकाळची वर्दळ चालू होती, भाजीवाल्या रस्त्याकडेला बसल्या होत्या. शेवटी तो म्हणाला, "साब, ये पीने का नहीं है."

मग सगळं सरळ बाहेर आलं. टँकर दोन होते, फलक एकच. एक दिवस तो पाण्याच्या टँकरवर बांधायचा, दुसऱ्या दिवशी कारखान्यातलं रंगाचं सांडपाणी भरलेल्या टँकरवर. "मैनेजर बोला, बैनर रहेगा तो कोई नहीं रोकेगा," चालक म्हणाला. "और किसी ने नहीं रोका."

व्यवस्थापकाला आणि मालकाला ठाण्यात बोलावलं. कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा होती, पण तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार असले तरच ती चालू व्हायची, हे व्यवस्थापकाने तासाभरात कबूल केलं. मालक मात्र शांत होता. त्याने सोबत एक जाड फाइल आणली होती. पाणीवाटप, वह्यावाटप, वृक्षारोपण. चौथ्या फोटोत मी होतो.

"साहेब, आमचं काम तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "त्या पाड्याला सरकारने पाणी दिलं का? आम्ही दिलं. एका चुकीसाठी ते सगळं पुसणार का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाणी त्याने खरंच दिलं होतं, आणि म्हणूनच मला संताप आला. मी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या पाण्यापायी एक माणूस तुरुंगात आहे, हे तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही काय केलंत?"

त्याने फाइल मिटली. दोघांनाही त्याच दिवशी अटक झाली. पुढे खटला वर्षानुवर्षं चालला. मी साक्षीला दोनदा गेलो. शेवटी शिक्षा झाली ती फार मोठी नव्हती.

पाड्यावरच्या इसमाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला आणि पाचव्या दिवशी तो सुटला. मी त्याला माझ्या जीपमधून घरी सोडलं. वाटेत त्याची माफी मागावी असं फार मनात होतं. वर्दीत ती मागता आली नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

पाड्यावर पोचलो तेव्हा त्याची बायको घरी नव्हती. थोड्या वेळाने ती आणि इतर बायका टेकडी उतरून आल्या, डोक्यावर दोन दोन हंडे. पलीकडच्या गावची विहीर तासाभराच्या चालीवर होती. टँकर बंद झाल्यापासून त्या तिथून पाणी आणत होत्या. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. कारखान्याला टाळं लागलं, माझी केस उभी राहिली. पण पाण्याचं काय, हा विचार मी क्षणभरही केला नव्हता.

तिने हंडे उतरवले, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मला बसायला घोंगडी टाकली.

"बाई, पाणी बंद होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही," मी म्हणालो. "पंचायत समितीशी बोलतो."

"आमच्या ध्यानात व्हतं," ती म्हणाली. "गुरा मेली त्याच दिशी टँकरवाला सांगून गेलता. पोलीस इचारल तर रोज येतो म्हना, न्हायतर पानी बंद."

"मग तुम्ही दिवसाआड म्हणून का सांगितलंत?"

"तुमी यायच्या आदी बसलो व्हतो आमी समद्या. ही म्हातारी म्हनली, त्याला बांधून नेलाय. आपून पानी पीत बसायचा का?" तिने मागच्या बाईकडे बोट दाखवलं. "मंग ठरला. हंडा काय, उचलता येतो."

सरकारी टँकर सुरू व्हायला त्यानंतर आठ दिवस गेले. त्यासाठी मी रोज फोन केले, एकदा तहसीलदारांच्या टेबलासमोर जाऊन बसलो. तेवढंच माझ्या हातात होतं.

त्यानंतरही मला उद्योगांच्या कार्यक्रमांची आमंत्रणं येत राहिली. काही ठिकाणी गेलो, पण सांडपाण्याची यंत्रणा चालू आहे का ते आधी पाहिलं आणि मगच खुर्चीवर बसलो. समाजाविषयीच्या जबाबदारीवर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, त्यांतली काही माझीच. त्या बारा-पंधरा झोपड्यांतल्या बायकांनी भर उन्हाळ्यात, सगळं समजून, एका माणसासाठी दारात येणारं पाणी सोडलं. तिथे फलक नव्हता, आणि फोटो काढायला कुणी आलं नव्हतं.