इस्त्रीबाईचा हातगुण

दवाखान्याच्या तळघरात धुलाईघर होतं, आणि तिथे सगळ्यांत नखरेल कोण असेल, तर ती रोलरची इस्त्री. ओली चादर एका बाजूने आत सारायची, ती तापलेल्या रोलरांमधून कोरडी आणि सपाट होऊन दुसऱ्या बाजूने बाहेर यायची. हे झालं सांगण्यापुरतं. प्रत्यक्षात चादर रोलरला चिकटायची, भोवती गुंडाळली जायची, मशीन बंद पडायचं आणि वरून नर्सबाईंचे फोन सुरू व्हायचे. फक्त एकीच्या हाताखाली असं होत नसे. तिला सगळे इस्त्रीबाईच म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

"बाईंचा हातगुण आहे," बायका म्हणायच्या, आणि ती नुसती हसायची.

हातगुण कसला डोंबलाचा! सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती मशीन तापवायची आणि मेण चोळलेलं एक फडकं रोलरांमधून फिरवून घ्यायची. मेणाचा हात लागला की चादरी सुळकन सरकतात. दुपारी मेण उतरायचं, तेव्हा बाकीच्या चहाला गेल्या की पुन्हा एकदा फिरवायची आणि फडकं कपाटात कुलपाआड. कधीकाळी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने तिला हे दाखवलं होतं. तो नोकरी सोडून गेला आणि युक्ती हिच्याकडे राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिचा हिशेब. जोवर हे आपल्या एकटीला येतंय, तोवर आपल्याला इथून कुणी हलवणार नाही.

आणि खरंच कुणी हलवलं नाही. सुपरवायझरची जागा दोनदा रिकामी झाली. पहिल्यांदा बाहेरचा माणूस आणला. दुसऱ्यांदा तर हिच्याकडूनच घड्या घालायला शिकलेल्या बाईला जागा दिली. तेव्हा मात्र इस्त्रीबाई तडक मोठ्या साहेबांकडे गेली.

"अहो, तुम्हाला तिथून काढलं तर चादरी कोण काढणार?" साहेब कौतुकानेच म्हणाले. "तुमच्यावाचून पान हलत नाही आमचं."

ती खूश होऊन जिना उतरायला लागली. निम्म्या जिन्यात त्या वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला आणि ती तिथेच कठडा धरून उभी राहिली. वाफेत उभं राहून पाय सुजले होते. दुसऱ्याने आखून दिलेली पाळी निमूट करण्यात उमेद संपत आली होती. आणि गुपिताची ही खुंटी तिने स्वतःच ठोकून स्वतःला तिथे बांधून घेतलं होतं.

घरी नणंद आली होती. ती पतपेढीत साध्या कारकुनाची शाखाप्रमुख झालेली, आणि जिभेला हाड नसलेली. सगळं ऐकून म्हणाली, "वहिनी, राग येऊ देऊ नकोस. तुझ्या जागी उभं राहणारं कुणी नसेल, तर तुला वर कोण नेणार? मी आधी माझं टेबल दुसरीला शिकवलं, मग वरचं मागितलं."

"आणि शिकवल्यावर तिलाच वर नेलं असतं तर?"

"तर नेलं असतं. पण न शिकवता काय होतं, ते तू बघतेच आहेस."

नणंदेचं बोलणं झोंबतं, आणि खरं असलं की जास्तच झोंबतं. इस्त्रीबाई दोन दिवस घुश्शात होती. मग कळलं, की आताची सुपरवायझर नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडतेय आणि त्या जागेसाठी बोलकीनेही अर्ज केलाय. बोलकी म्हणजे घड्यांच्या टेबलावरची तरतरीत पोरगी. ही बातमी ऐकली आणि इस्त्रीबाईचा निश्चय झाला; तिनेही अर्ज टाकला. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांदेखत कपाट उघडलं, फडकं काढलं आणि बोलकीच्याच हातात दिलं.

"हे घे. मशीन तापलं की आधी हे फिरवायचं. चादरीची जाड किनार पुढे ठेवायची. एवढंच आहे."

सगळ्या हातातलं काम टाकून जवळ आल्या. मग बोलकी म्हणाली, "एवढंच? म्हणजे इतकी वर्षं चादर अडकली की आम्ही बोलणी खात होतो, ती या फडक्यासाठी?"

"हो. माझं चुकलं. आता मशीन सुरू कर."

त्या आठवड्यात तिच्याशी कुणी धड बोललं नाही. तिला लाज वाटली, वाईटही वाटलं, पण ती मागे हटली नाही. रोज एकेकीला मशीनपाशी उभं करून शिकवत राहिली. मग मुद्दाम रजा टाकून घरी बसली. परत आली तेव्हा चादरी सुरळीत निघत होत्या, नर्सबाईंचा एकही फोन आला नव्हता. आपल्यावाचून काही अडलं नाही हे बघून तिला रडू आलं. डोळे पुसले आणि ती मुलाखतीला वर गेली.

साहेबांना सगळं कळलेलं होतं. "मशीन तर तुमच्यावाचून चालतंय. मग आता तुमची गरज काय?"

"मशीनवर काहीच नाही, साहेब. म्हणून तर आले."

"आणि इतकी वर्षं लपवून ठेवणाऱ्या बाईवर मी भरवसा का ठेवावा?"

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तिने खाली बघितलं नाही. "लपवणारा माणूस मी लांबून ओळखते, साहेब. खाली असं लपवणारी मी एकटीच नाही."

साहेबांनी इस्त्रीबाईचा अर्ज उचलून बोलकीच्या अर्जावर ठेवला.

सुपरवायझर झाल्यावर पहिल्या सकाळी ती कुठल्याच खुर्चीत बसली नाही. कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रापाशी गेली. ते अधूनमधून रुसायचं आणि फक्त तिथल्या धुलाईवाल्या भाऊंचंच ऐकायचं.

"भाऊ, हे बंद पडल्यावर तुम्ही सगळ्यांना बाहेर का पाठवता?"

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सगळ्यांना बोलावते. काय करता ते दाखवा," ती म्हणाली. "नाहीतर याच यंत्रापाशी म्हातारे व्हाल."