काळी चारचा सा

माझा सा काळी चारवर आहे. पेटीवरची चौथी काळी पट्टी दाबा, मी तिथून गाते. बहुतेक बायका त्याच्याच आसपास गातात. पुरुषांचा सा काळी एकवर, चांगला खाली. पेटी शिकणाऱ्या पोरासोरालाही हे कळतं. ज्यांना कळूनही वळलं नाही त्यांनी माझं वाटोळं केलं, आणि ते सांगताना आजही माझ्या अंगाची लाही होते.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. तिसगावला वडील रोज खडी फोडायला जात होते आणि मी नगरला मावशीकडे राहून एका गुरुजींकडे गाणं शिकत होते. मुलींच्या एका शाळेत गाण्याच्या शिक्षकाची जागा निघाली होती. अट एकच, गाण्याची परीक्षा पास पाहिजे. वडील म्हणाले, "तू पास व्हय, मग मी घण खाली ठिवतो." त्यांच्या तळहाताला तेव्हा कातडं असं उरलंच नव्हतं.

परीक्षेला सहा पोरं आणि शेवटी मी. तबला अर्थातच पोरांसाठी काळी एकला लावलेला. मी तबलजींना म्हणाले, "जरा चढवून काळी दोनला आणा. म्हणजे माझा पंचम मिळेल." मोठ्या तोंडाचा तबला काळी चारपर्यंत चढत नाही, एवढी अक्कल मलाही होती. मी मागितलं ते दहा मिनिटांचं हातोडीचं काम होतं.

"काळी एक तुमचा मध्यमच की," ते म्हणाले. "बायका मध्यमावर गातातच."

"मी भूप गाणार आहे."

भूप रागात मध्यम लागतच नाही. जो सूर गाण्यात नकोच, तोच तबला माझ्या कानाशी शेवटपर्यंत ठोकत बसणार. ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी हातोडी पिशवीत टाकली. "बाईमाणसासाठी तबल्याचं कातडं फाडून घेऊ का मी?"

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "सगळे काळी एकवरच गायले. तुम्हीही तिथूनच गा."

मी गुरुजींकडे पाहिलं. चार वर्षं त्यांनी मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं: आधी आपला सा धर, मग रागाचं बघू. सा हलला की पेटी बंद करून घरी पाठवायचे. ते भिंतीशी बसले होते. मग पुढं वाकून हळूच म्हणाले, "गा बाई. वाद नको."

गायले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा कुठला असतो? खाली उतरले की आवाज घशातच राहायचा, बाहेर नुसती हवा. तबलजी निवांत ठेका देत होते. मला रडू येत नव्हतं, त्यांची ती हातोडी उचलून तबल्यात घालावी असं वाटत होतं. घातली नाही. त्याचा राग मला माझाही आहे.

नापास झाले. निकालाच्या कागदावर शेरा होता: उमेदवाराने स्वतःस न झेपणारी पट्टी निवडली.

निवडली म्हणे! जागा त्या सहांतल्या एकाला गेली. मुलींच्या शाळेत तो त्या पोरींना कुठल्या पट्टीत गायला लावत असेल, ते मला विचारू नका. वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. भाकर खा आदी." दुसऱ्या दिवशी उजाडायला घण घेऊन गेले.

मी तो कागद घेऊन गुरुजींच्या घरी गेले. म्हटलं, "गुरुजी, हे खोटं आहे. पट्टी मी निवडली नाही, एवढं दोन ओळींत लिहून द्या. शाळेत दाखवते."

त्यांनी शेरा वाचला, पुन्हा वाचला. कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "त्याच केंद्रावर मला पुढच्या वर्षीही पोरं बसवायचीत गं," ते म्हणाले. "तू पुन्हा बस. तुझा आवाज गोड आहे."

मी उठले. शिकवणी संपली की आम्ही सगळे त्यांच्या पाया पडून निघायचो. सवयीनं त्यांनी पाय सतरंजीवर जरासे पुढं केले आणि डोळे मिटून आशीर्वादाला हात उचलला. तो हात तसाच वर असताना मी चप्पल घालून रस्त्यावर आले होते.