मदत करू का?

भंडारा जिल्ह्यात ज्याला आपली संकटं आपल्या हातानं, सावकाश, मनाजोगती भोगायची असतील, त्यानं अड्याळला माझ्या भाऊजींच्या गल्लीत घर घेऊ नये. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसऱ्याचं दुःख त्यांना बघवत नाही हे खरंच. पण दुसऱ्याचं सुखही त्यांना बघवत नाही, कारण सुखी माणसाला मदत कशी करायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. मला एकदा त्यांच्या घरी उचकी लागली. पाणी, साखर, पाठीवर तीन धपाटे इतकं झाल्यावर मी नको नको म्हणत असताना त्यांनी जीप काढली आणि मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथं डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तेव्हा सांगायला काही शिल्लक नव्हतं. उचकी भाऊजींच्या ड्रायव्हिंगला घाबरून वाटेतच पळाली होती. आठवडी बाजारात एकदा एक बाई आणि एक बाप्या कडाकडा भांडताना दिसले. भाऊजींनी दोघांना बाजूला घेऊन संसार कसा टिकवावा यावर अर्धा तास खर्च केला. शेवटी कळलं की बाई वांगी विकणारी आहे आणि बाप्या गिऱ्हाईक. "तरी पन दोघाईनं ऐकून घेतलं," असं भाऊजी अजून समाधानानं सांगतात.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत तर ते घरी सापडतच नसत. ज्याच्या शेतात माणसं कमी पडतील त्याच्या चिखलात हे वाकून उभे, आणि स्वतःच्या शेतातले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवायची वाट बघत पिवळे पडलेले. ताई म्हणायची, "याईनं लगन गावासंग केलं. मी नुसती सैपाकाले आहो." पण निंदा करताना मलाही जरा अडखळायला होतं. गल्लीतली तीन पोरं आज शाळेत जातात ती त्यांच्या आया भाऊजींच्या जीपमधून वेळेवर दवाखान्यात पोचल्या म्हणून. अशा माणसाला थांबा म्हणायचं तरी कुणी?

ते काम समोरच्या मास्तरीणबाईंनी केलं. त्या निवृत्त शिक्षिका. यजमान कधीच गेलेले, मुलगा नागपूरला, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाई एकट्याच कौलारू घरात राहायच्या. कौलांवर कोहळ्याचा वेल चढवलेला आणि कोहळे उतरवायला बाई स्वतः शिडीवर. हे दृश्य भाऊजींच्या काळजाला लागलं. त्यांनी बाईंच्या मुलाला फोन करायला सुरुवात केली. आज आई शिडीवर होती, आज पाय घसरता घसरता राहिला, आज विळा हातात होता. चौथ्या फोननंतर मुलगा गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. गल्लीनं भाऊजींची वाहवा केली. त्यांनीही ती नम्रपणे, पण पोटभर स्वीकारली.

तेराव्या दिवशी मास्तरीणबाई पिशवी घेऊन एकट्याच परत आल्या. संध्याकाळी त्यांनी भाऊजींना चहाला बोलावलं. मी तेव्हा मुक्कामाला होतो, म्हणून मीही गेलो. बाईंनी कपबशा मांडल्या, भाऊजी उठायला लागले तशा म्हणाल्या, "बसा. चहा मीच आनन."

मग समोर बसून शांतपणे बोलल्या, "भाऊ, नागपूरले मले कशाचीच कमी नव्हती. पान्याचा गिलासही सून हातात आनून द्यायची. पन बारा दिवसांत एकही गोष्ट मी माझ्या मनानं केली नाही."

"बाई, पन तुमी पडल्या असत्या तर?"

"पडली असती. माझी मी पडली असती." त्यांनी कप भाऊजींच्या पुढ्यात सरकवला. "कोनाच्या तरी उपयोगी पडल्याशिवाय तुमाले करमत नाही. ती तुमची गरज होय, माझी नाही. एकदा विचारून तर पाहा."

भाऊजींनी चहा संपवला. घरी येऊन अर्धीच भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून ते विचारू लागले.

त्यानं गावात हाहाकार उडाला. डोक्यावर गोणी घेतलेल्या माणसाला ते थांबवून विचारत, "मदत करू का?" आपल्याकडे अशा वेळी "राहू द्या" म्हणायची रीत आहे आणि समोरच्यानं ते ऐकायचं नसतं. भाऊजी ऐकू लागले. "बरं," म्हणून निघून जात आणि तो माणूस गोणीखाली त्यांच्या पाठीकडे बघत राही. एका लग्नात यजमान म्हणाले, "भाऊ, तुमी बसा." भाऊजी बसले. आयुष्यात प्रथमच पहिल्या पंगतीला जेवले, आणि दुसऱ्या पंगतीला भात कुणी वाढायचा यावर मांडवात भांडण झालं. ताई आठ दिवस खुश होती. नवव्या दिवशी तिनं मला फोन केला. "तू ये रे एकदा. हे दिवसभर खुर्चीत बसून राह्यतेत. मले भाजी फोडनीले टाकासाठीही विचारतेत."

मी गेलो. दुपारी परतीची पिशवी घेऊन मी निघालो, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याकडेच्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. मी सहज म्हणालो, "भाऊजी, आता वेळ आहे. तुम्हाला स्वतःला काय करावंसं वाटतं?"

ते गंमत समजून हसले. मग विचार करू लागले. पाण्यावर दोन बदकं उतरली आणि उडाली. सोळाव्या वर्षी त्यांचे वडील गेले आणि तीन धाकट्या भावांची शिक्षणं, लग्नं त्यांच्यावर आली, एवढं मला ताईनं सांगितलेलं होतं. त्या वर्षी त्यांना काय करायचं होतं, ते ताईलाही माहीत नव्हतं.

"मले कोनी हे विचारलंच नाही ना बापू," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. हिशेब लागत नाही तसा नुसता गोंधळ होता. "लहानपनी विचारलं असतं तं पटकन सांगतलं असतं. आता आठवून पाहा लागन."

पवनीकडे जाणारी माझी एस.टी. रस्त्याच्या वळणावर दिसू लागली होती. मी पिशवी उचलली, तेव्हा भाऊजींनी तिचा बंद हळूच धरला.

"थोडा वेळ बसतं का?" त्यांनी विचारलं. "काही काम नाही. असंच."

गाडी धूळ उडवत समोरून गेली. मी तिला हात केला नाही.